बेबी धावली

"निमे, तू नाव मागं घे."

बेबी फाटकाच्या बाहेरच उभी होती. मी आत ये म्हटलं, ती आली नाही. संध्याकाळ झाली तरी ऊन उतरलं नव्हतं. मे महिन्यात अमरावतीत रस्ते अंधार पडला तरी तापलेलेच असतात. चालत आल्यामुळे तिचं तोंड लालभडक झालं होतं.

"काहून?" मी विचारलं. का ते मला ठाऊक होतं.

"तुले माहीत हाये काहून. एकच जागा उरली. उद्या तू मैदानात आलीच नाही, तं मले घेतीन. दुसरं कोणी नाईच ना."

"आणि मी काय करू?"

"तू पुढच्या वर्षी जाशीन."

"पुढच्या वर्षी शाळा माझ्यासाठी थांबणार आहे का, बेबी?"

ती फाटकाची गंजलेली कड नखानं खरवडत राहिली.

मी निर्मला गुल्हाने. तेव्हा एका खासगी शाळेत तात्पुरती खेळशिक्षिका होते. शाळा उघडण्याआधी राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचं प्रमाणपत्र आणलं तर कायम करू, नाहीतर दुसरी बाई तयार आहे, असं मुख्याध्यापकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. बाबा गेल्यापासून आई आणि मी भावाच्या घरी राहत होतो. घरी म्हणजे घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये. आधी तिथे भावाची स्कूटर असायची. वहिनीनं एक दिवस आईला हसत हसत सांगितलं, "आत्या, मुलांना अभ्यासाला खोली लागते हो." आईनं त्याच दुपारी आमची गाठोडी उचलली. तेव्हापासून ती दुपारभर ओलं फडकं डोक्यावर घेऊन टिनाखाली बसायची, पण कोणी विचारलं तर म्हणायची, "इथं वारा चांगला येतो." कायम नोकरी लागली की एक खोली भाड्यानं घ्यायची आणि आईला तिथून काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

बेबीचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं होतं. बेबी तायडे. लग्न करून अकोल्याला गेली आणि चौथ्या वर्षी परत आली. परत आली तेव्हा तिचा एक दात पडलेला होता आणि मुलगी सोबत नव्हती. मोनू सासरच्यांनी ठेवून घेतली. कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं विचारलं होतं, ही बाई पापड लाटते आणि अर्धी चड्डी घालून गावोगाव खेळत फिरते, ही लेकराला काय सांभाळणार? पुढची तारीख जुलैत होती. त्याआधी पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा निघणार होत्या. त्यालाही राष्ट्रीय स्पर्धेचंच प्रमाणपत्र लागत होतं.

"मोनू मले मावशी म्हणली, निमे," बेबी म्हणाली. "मागच्या तारखेले. कोर्टाच्या आवारात. त्यायनं शिकवलं तिले. माह्या अंगावर आली नाई, लांबून पाहे. मले मावशी म्हणली."

मागे शेडच्या दारात आई येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं असणार.

"बेबी," मी म्हटलं, "मी नाव मागं घेणार नाही."

तिनं मान हलवली. चिडली नाही. "मले वाटलंच होतं," म्हणाली, आणि वळली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं. घाम की काय, ते इतक्या लांबून कळलं नाही.

आई एवढंच म्हणाली, "तिला पाणी तरी द्यायचं होतं."

आम्ही दोघी शाळेत असताना एकाच वर्षी बेसबॉल शिकलो, वासनकर सरांकडे. आमच्या भागात सॉफ्टबॉल-बेसबॉलचं वेड जुनं. मैदान मुरमाचं आणि ग्लोव्ह तिघींत एक, तरी मुली यायच्या. बेबीनं पहिल्या आठवड्यात चेंडू शेजारच्या गोदामाच्या पत्र्यावर मारला. पत्रा असा वाजला की गोदामाचा मालक काठी घेऊन आला. तेव्हापासून ती मारणारी आणि मी अडवणारी. मी शॉर्टस्टॉपला उभी राहायची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. सगळ्यात जास्त जमिनीवरचे फटके तिकडेच येतात. चेंडू अडवायचा आणि मारणारी पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकायचा. रोज सकाळी बेबी मारायची, मी अडवायची. तिचा चेंडू बॅटीवरून सुटायच्या आधी तो कुठे जाणार ते मला तिच्या खांद्यावरून कळायचं. आणि उजव्या हाताला, तिसऱ्या बेसकडे, उलट्या ग्लोव्हनं वाकावं लागलं की मला अर्धा श्वास उशीर होतो, हे जगात तिला एकटीला माहीत होतं.

निवडीच्या त्या वर्षी एका स्थानिक पेपरानं आमचे दोघींचे फोटो शेजारी शेजारी छापले होते. डावीकडे बेबीचे फटके, उजवीकडे माझे झेल, आणि खाली, 'विदर्भाला कोण हवी?' राजापेठेतल्या पानठेल्यावर म्हणे त्यावरून बाचाबाची झाली. एक म्हणे, मारल्याशिवाय धावा येतात का? दुसरा म्हणे, दिल्या नाहीत तर जास्त लागतात का? बेबी मैदानात उतरली की समोरच्या संघाच्या मुली आपोआप मागे सरकायच्या. पण तिला कुठेही उभं करा, साधा झेल हातातून सांडायचा. माझ्या हातून चेंडू निसटलेला लोकांना आठवत नव्हता, पण माझ्या हातात बॅट दिली की वासनकर सर दुसरीकडे बघायचे. आम्हाला दोघींना पेपर वाचून हसू आलं होतं. बेबीनं तो अंक पापडाच्या खाली अंथरला होता. एकाच जागेसाठी आम्हाला समोरासमोर उभं करतील, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला टेबल लावून इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड समिती बसली होती. वासनकर सर, मोहोड मॅडम, आणि अध्यक्ष म्हणून नागपूरहून आलेले रणदिवे साहेब. साहेब पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, आणि अतिशय सरळ म्हणून प्रसिद्ध. बाकी संघ निवडून झाला होता. आम्ही दोघी आणि राखीव खेळाडू रेणू भुयार, अशा तिघी कडुनिंबाखाली थांबलो होतो. बेबी माझ्याकडे बघत नव्हती.

टेबलावरचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"साहेब, इंदूरला आपल्याला धावाच लागणार आहेत," मोहोड मॅडम म्हणत होत्या. "गेल्या वेळी आपण फटके न बसल्यानं हरलो. तायडे एकटी सामना फिरवते."

"आणि एकटी घालवते," वासनकर सर म्हणाले. "तिला लपवायचं कुठे मैदानात? गुल्हाने असली की अर्धं मैदान मिटतं, मॅडम."

"तुमची विद्यार्थिनी आहे म्हणून..."

"दोघीही माझ्याच आहेत."

रणदिवे साहेबांनी हात वर केला. "आकडे बघितले. तुमचे वाद ऐकले. एकीनं मारायचं आणि एकीनं अडवायचं, मग यांची तुलना होणार कशी?" ते उठून आमच्यापर्यंत आले. "तुम्हीच ठरवा. सर चेंडू टाकतील. तायडे, तू मारायचं, चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडेच गेला पाहिजे. आणि मारून पहिल्या बेसवर धावायचं. गुल्हाने, तू अडवून रेणूकडे फेकायचं. तायडे आधी पोचली तर गुण तिचा. चेंडू आधी पोचला तर गुण तुझा. जी दोननं पुढे जाईल ती संघात. कुणाला नंतर म्हणायला जागा नको."

साहेबांना ते अगदी न्यायाचं वाटत होतं. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं.

मी माझ्या जागी गेले. मुरूम भाजलेला होता, बुटातून लागत होता. मैदानात इतर फील्डर कोणी नाहीत. रिकाम्या मैदानात मी एकटी, पहिल्या बेसवर रेणू, आणि समोर बेबी. तिनं बॅट खांद्यावर घेतली. माझ्या आयुष्यातले बहुतेक चेंडू तिनंच माझ्याकडे मारलेले होते.

पहिला फटका सरळ माझ्या अंगावर आला. अडवला, फेकला. बेबी बरीच मागे राहिली. दुसरा तिनं जोरात मारला, माझ्या डाव्या हाताला. पोचले, पण फेकीत जोर कमी पडला. बेबी बेसवर. पुन्हा माझा. पुन्हा तिचा. एक पुढे गेली की दुसरी लगेच गाठायची. मोहोड मॅडम आणि वासनकर सर सुरुवातीला काही तरी बोलत होते, मग गप्प झाले. कडेला दोन-चार बघे जमले होते, तेही गप्प. बॅटीचा आवाज, बेबीचे बूट, रेणूच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज, एवढंच.

बेबी आता बेसवरून परत येताना चालत नव्हती, पाय ओढत होती. माझ्या फेकीच्या हाताला कोपरापासून कळा येत होत्या. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट खात होती. बेबी माझ्या उजवीकडे मारत नव्हती. तिसऱ्या बेसच्या बाजूला एकही चेंडू नाही. तिकडे दोन चेंडू मारले असते तर केव्हाच संपलं असतं. ती सोडून देत होती की काय? मला तिची दया नको होती. मी ओरडले, "बेबी! मार ना नीट!"

"मारून रायली ना!" ती तिकडून ओरडली.

पुढचा चेंडू मी अडवला. तो मी इतक्या रागानं फेकला की रेणूच्या हातातून ग्लोव्ह निसटता निसटता राहिला. बेबी बाद. मी एकनं पुढे होते.

आणखी एक, की संपलं. शाळा, कायम नोकरी, खोली. मी आईला डोळ्यांसमोर आणलं आणि वाकून उभी राहिले.

बेबीनं बॅट घट्ट धरली. तिचा खांदा या वेळी वेगळा वळला आणि मला कळलं. उजवीकडे. आता मारणार उजवीकडे. मी सरकले, ग्लोव्ह उलटा करून वाकले. चेंडू बरोबर तिथेच आला, जमिनीलगत, सरपटत. मग मुरमातल्या कशावर तरी आपटला आणि सरळ वर उसळला.

पुढचं मला सलग आठवत नाही. डोक्यात पत्रा वाजल्यासारखा आवाज झाला. मग तोंडात माती. डावीकडे सगळं काळं आणि उजव्या डोळ्यात रक्त. माणसं ओरडत होती. लोकांनी नंतर सांगितलं की मी पालथी पडून हात मातीत आपटत होते, तडफडत होते. वासनकर सर धावत आले. आणि लोकांनी हेही सांगितलं की बेबीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. चेंडू माझ्या तोंडावर बसल्याचा आवाज मैदानभर ऐकू गेला होता, तिला ऐकू आला नसेल असं नाही. ती धावत राहिली. पहिल्या बेसवर पाय ठेवला, तिथेच थांबली, आणि मग मोठ्यानं रडायला लागली.

दवाखान्यात गालाचं हाड मोडलंय असं सांगितलं. डोळ्याचं डॉक्टर लगेच बोलले नाहीत. सूज उतरली तेव्हा आईला बाहेर नेऊन सांगितलं. आत आली तेव्हा आईच्या चेहऱ्यावरून मला समजलं. डाव्या डोळ्याचा पडदा फाटला होता. उजेड कळेल, बाकी काही नाही.

"बेबी आली होती का?" मी विचारलं.

"रोज येते," आई म्हणाली. "खाली पायरीवर बसते. वर येत नाही."

"येऊ नको म्हणावं."

मी रागानं पेटले होते. डोळ्याचं नंतर, पण ती धावली, हे मला गिळता येत नव्हतं. शाळेपासूनची मैत्रीण. माझ्या तोंडातून रक्त वाहत होतं आणि हिनं बेस गाठला. उशी ओली करत मी तेच तेच घोकत होते. आई पंख्यानं वारा घालत बसायची. ती बेबीच्या बाजूनंही बोलली नाही, विरुद्धही नाही.

वासनकर सर आले ते अंग चोरून, खुर्चीच्या टोकावर बसले.

"साहेबांनी निर्णय घेतलाय," ते म्हणाले. "बेबीला घेत नाहीत. म्हणाले, सहकारी रक्तबंबाळ पडलेली असताना जी थांबत नाही, तिला मी विदर्भाचा शर्ट घालू देणार नाही. रेणूला पाठवताहेत."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

"मोहोड मॅडमनी विरोध केला. तेव्हा साहेब म्हणाले, गुल्हानेलाच बोलवा, तिच्या समोर शेवटचं ठरवू. निर्मला, साहेबांना तुझं फार लागलंय. स्पर्धा त्यांनीच लावली ना. तुमच्या संस्थाचालकांना ते ओळखतात, शाळेत शब्द टाकतो म्हणाले. तुला काही बोलावं लागणार नाही. नुसती येऊन बस."

"नुसती बसू?"

"बस. बाकी ते बघतील."

सर गेल्यावर आईनं हातातला पंखा खाली ठेवला. मग म्हणाली, "शाळेचं काम होईल मग." तिच्या आवाजात इतकी आशा होती की मी तोंड भिंतीकडे वळवलं.

बैठक त्याच मैदानाच्या कडेच्या खोलीत होती. डोळ्यावर पट्टी, अर्धा चेहरा सुजलेला, आईचा हात धरून मी गेले. एका डोळ्यानं पायरीचा अंदाज येत नव्हता, दोनदा ठेचकाळले. बेबी बाहेर कडुनिंबाखाली बसली होती. मला पाहून उभी राहिली, पण पुढे आली नाही. ती पार वाळली होती. मी नजर फिरवली.

रणदिवे साहेब माझ्यासाठी उभे राहिले. स्वतः खुर्ची ओढून दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं.

"बेटा," ते म्हणाले, "जे झालं त्याला मी जबाबदार आहे. ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पण खेळात जिंकण्याहून मोठं काही असतं. ही मुलं सगळी जमिनीवर पडलेल्याला उचलायला शिकली पाहिजेत. तू पडलीस, तडफडत होतीस, आणि ती मुलगी..." त्यांना पुढे बोलवेना. "मॅडम, आता तरी पटतंय का?"

मोहोड मॅडम माझ्या पट्टीकडे बघत राहिल्या आणि त्यांनी मान खाली घातली. दारापाशी रेणू उभी होती, तिलाही बोलावलेलं होतं. सगळं ठरल्यासारखंच होतं. मला नुसतं बसायचं होतं. बाहेर आई पायरीवर बसलेली मला दारातून दिसत होती, डोक्यावर पदर, मांडीवर माझी औषधाची पिशवी.

तडफडत होतीस. तो शब्द माझ्या कानात राहिला. सगळे तोच शब्द वापरत होते. दवाखान्यात, घरी, आता इथे. आणि मला आठवत होतं ते वेगळं होतं. इतके दिवस मी ते आठवू देत नव्हते.

"साहेब," मी म्हटलं. ओठ सुजलेले होते, शब्द नीट निघत नव्हते. "मी तडफडत नव्हते."

"हो हो, बोलू नकोस, त्रास होतोय तुला."

"मी चेंडू शोधत होते."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मला दिसत नव्हतं. पण चेंडू माझ्याजवळच पडलाय हे माहीत होतं. बेबीच्या बुटांचा आवाज येत होता. ती अजून पोचली नव्हती. मी मातीत हात मारून चेंडू शोधत होते. काहीतरी गोल हाताला लागलं, ते मी पहिल्या बेसकडे फेकलं."

"काय फेकलंस?"

"तेव्हा वाटलं चेंडूच आहे. तो हलका होता. ढेकूळ असावं मुरमाचं."

वासनकर सर माझ्याकडे बघत होते. "निर्मला, अशा अवस्थेत माणसाला भास..."

"भास नाही, सर." मी दाराकडे वळले. मला रेणूला विचारायचं नव्हतं. तिनं खरं सांगितलं तर तिची स्वतःची जागा जाणार होती, हे मला कळत होतं. म्हणून मी तिला विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

रेणूनं ओठ चावले. ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. साहेबांनीच विचारलं, "रेणू?"

"आलं होतं," ती म्हणाली, अगदी हळू. "माझ्या पायाजवळ येऊन फुटलं. मला वाटलं, कोणी तरी बाहेरून मारलं."

मी उठले. बसून बोलता येईना.

"साहेब, धावायचं, हा नियम तुम्ही लावला. बेबी थांबली असती आणि माझ्या हाताला खरा चेंडू लागला असता, तर मी तिला बाद केलं असतं. ती मला उचलायला आली असती तरी केलं असतं. मला तेवढंच दिसत होतं. तिलाही तेवढंच. तुम्ही आम्हाला अशा जागी उभं केलंत की जिथे थांबणं म्हणजे मरणं होतं. मग जी थांबली नाही तिला शिक्षा कशी देता?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मी इतकं बोलायला नको होतं, असं मला वाटलं. त्यांनी मला खुर्ची दिली होती. पण शब्द गेले होते.

"बरोबरी झाली होती," मोहोड मॅडम सावकाश म्हणाल्या. "गुल्हाने खेळू शकत नाही. जागा तायडेची आहे, साहेब."

साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून कडुनिंब दिसत होता, आणि त्याखाली बेबी. ते तिच्याकडे बघत होते की मैदानाकडे, कळलं नाही. शेवटी न वळता म्हणाले, "लिहा तिचं नाव."

मग ते माझ्याशी बोलले नाहीत. मी निघाले तेव्हाही नाही. शाळेत शब्द टाकायची गोष्ट कोणी काढली नाही, मीही काढली नाही.

बाहेर आले तेव्हा वासनकर सरांनी बेबीला सांगितलेलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं हात पुढे केला, पट्टीला लावायला, आणि मधेच खाली घेतला.

"तू उजवीकडे मारत नव्हतीस," मी म्हटलं. "आधी."

"नाई."

"का?"

"तुले माहीत होतं मले माहीत हाये म्हणून." ती थांबली. "मंग तू एकनं पुढं गेली. मंग मारलं."

आमच्या दोघींच्या सावल्या पायाखालीच होत्या. आई बाजूला उभी होती.

"निमे, मी मागं पाह्यलं नाई."

"माहीत आहे."

"पाह्यलं असतं तं मी थांबली असती. म्हणून नाई पाह्यलं." आणि ती तिथेच मटकन खाली बसली, गुडघ्यांत तोंड घालून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे केस तापले होते. माझा राग गेला होता, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

बेबी इंदूरला गेली. आमचा संघ तिसरा आला. पुढे ती पोलिसात लागली, पण जुलैच्या तारखेपर्यंत नाही. त्याला वर्ष लोटलं. मोनू तिला मिळाली तोवर पहिलीत गेली होती आणि तिला आई म्हणायला आणखी बरेच महिने लागले. शाळेनं जूनमध्ये दुसऱ्या बाईला कायम केलं. मी पुन्हा कधी खेळले नाही. चेंडू येताना दिसतो, पण किती लांब आहे ते एका डोळ्याला कळत नाही. काही वर्षांनी चिखलदऱ्याकडच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहावर मला काम मिळालं. आईला मी तिथं नेलं. तोवरचे उन्हाळे तिनं त्या टिनाखालीच काढले.

पण मला सांगायची आहे ती त्या बैठकीच्या दिवसाची संध्याकाळ. मैदानावरून घरी येईपर्यंत आईनं एक शब्द विचारला नव्हता. रिक्षातही नाही. शेडमध्ये शिरल्यावर तिनं पिशवी खुंटीला लावली, माठातलं पाणी मला दिलं आणि मग विचारलं, "आत तू काय बोललीस?"

मी सांगितलं. जसं झालं तसं सगळं सांगितलं. शाळेचंही.

आई ऐकत राहिली. मला वाटलं ती रडेल, किंवा निदान म्हणेल, बसली असतीस गप्प तर. वरून टिन तडतडत होतं. ती उठली, माझ्या खाटेच्या पायथ्याला गेली आणि खाट ओढायला लागली. म्हातारी होती ती, एकटीनं ओढवत नव्हतं. मी उठले, मदत करायला.

"कशाला हलवतेस?"

"डाव्या कुशीवर झोपू नको म्हटलंय ना डॉक्टरांनी," ती म्हणाली. "उजव्या कुशीवर निजलीस तर तोंड भिंतीकडं होतं. डोळा उघडला की भिंतच दिसंल." आम्ही दोघींनी खाट फिरवली. तिनं चादर नीट केली, उशी झटकून ठेवली आणि मला निजवून पाहिलं.

"दिसतं का आता दार?"

"दिसतं," मी म्हटलं.

"मग ठीक," आई म्हणाली, आणि चूल पेटवायला बाहेर गेली.